‘वा’ म्हणजे बैस

"वा!" म्हणायचं आणि उजव्या हातानं स्वतःच्याच मांडीवर थाप मारायची. एकच. ही आमच्या समोरच्या काकांची खूण.

तुम्हाला वाटेल, काय रसिक माणूस! तसं काही नाही. दुधाची पिशवी फुटकी निघाली, की "वा!" सकाळचा पाण्याचा टँकर दुपारी उगवला, की "वा!" एकदा मी कांजीवरम नेसून, गजरा माळून बँकेच्या समारंभाला निघाले, तर हे जिन्यात उभे. वरपासून खालपर्यंत पाहिलं. "वा!" मांडीवर थाप. मी निमूट घरात परतले आणि आरशात स्वतःला तपासून आले. त्या एका अक्षरात कडुलिंबाचा रस काठोकाठ भरलेला असायचा.

हे सगळं पुण्यात किंवा साताऱ्यात चाललं असतं तर लोकांनी खडूस म्हणून सोडून दिलं असतं. पण हे गृहस्थ राहायचे चेन्नईत, नुंगंबाक्कमला, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये. आणि तमिळमध्ये ‘वा’ म्हणजे ‘ये’. त्यामुळे हा माणूस आयुष्यभर ज्याला टोमणा मारायचा, तोच त्याच्याकडे चालत यायचा!

माझ्या डोळ्यांसमोरची गोष्ट. एका रिक्षावाल्यानं ट्रॅफिकचं कारण सांगून यायला साफ नकार दिला. यांनी "वा!" केलं. रिक्षावाला चरकला, मान खाली घालून रिक्षा वळवून आणली. यांना वाटलं, टोमणा बसला! डिसेंबरच्या संगीत महोत्सवात तर गायिकेची एक तान चुकली असं यांचं मत झालं. "वा!" दाराशी रेललेला दरवान सगळ्या रांगेच्या पायांवर पाय देत धावत आला. "एन्न सार? काय हवं?" अर्धी रांग यांच्याकडे बघतेय आणि हे दरवानाकडे बघतायत, की हा कोण आणि का आलाय.

त्यांच्या मुलानं किती वेळा समजावलं. "अप्पा, चाळीस वर्षं झाली या गावात. अजून वा-वा काय?"

"तुला ये म्हणायचं असलं तर ये म्हण. माझा वा मला राहू दे."

काकांची नोकरी आवडी नावाच्या उपनगरात, संरक्षण खात्याच्या कारखान्यात. "आवडीत केली, आवडीनं नाही," हा विनोद त्यांनी मला पहिल्याच भेटीत ऐकवला, आणि मी हसले म्हणून नाराज झाले. दारावरची पाटी वाचून त्यांनी विचारलं होतं, "नोकरी कुठे?" मी म्हटलं, बँकेत. त्या क्षणापासून माझं नाव गेलं ते गेलंच. "काय बँक, आज उघडी दिसते." "बँक, तुझ्याकडे लिंबू आहे का?" माझे यजमान त्यांच्या लेखी ‘बँकेचे मिस्टर’.

त्यांची बायको मी पाहिलेली नाही. आमची इथे बदली होण्याआधीच ती गेली होती. तिची वेताची खुर्ची मात्र बाल्कनीत होती, आणि तिच्यावर कोणी बसायला लागलं की काका इतक्या जोरात खाकरायचे, की माणूस उभ्या उभ्याच चहा प्यायचा.

मुलगा ओरगडमच्या एका मोटार कारखान्यात मोठा अधिकारी. तिकडेच एका चकचकीत सोसायटीत घर. सून तमिळ, तीही नोकरी करणारी. नात झाली तेव्हा ती इकडेच वाढली. दोघा म्हाताऱ्यांनी तिला चालायला शिकवलं, बोलायला शिकवलं, शू सांगायला शिकवलं. ती शाळेच्या वयाची झाली आणि मुलगा येऊन घेऊन गेला. आजोबाचा ‘ताता’ झाला. फोनवर "हाऊ आर यू, ताता?" आणि मग पलीकडे टीव्हीचा आवाज.

"आमची पहिली बॅच," काका सांगायचे. "पास झाली. गेली."

तर एका रविवारी दुसरी बॅच आली.

मुलगा पुठ्ठ्याचं खोकं घेऊन जिना चढला. खोक्यात राजपाळयम जातीचं पिल्लू. पांढरंशुभ्र, गुलाबी नाकाचं, बाकी सगळे पायच. ऑफिसात कोणीतरी म्हणालं होतं, की आता विलायती कुत्री जुनी झाली, देशी जात पाळायची.

"अप्पा, तिच्या वाढदिवसाचं आहे. पण आमच्याकडे दिवसभर कोणी नसतं, माहीत ना? आणि सोसायटीत फार कटकट, भुंकलं की कम्प्लेंट. थोडं मोठं होईपर्यंत तुमच्याकडे असू दे. शी-शू शिकवा, चावणं सोडवा. ट्रेन झालं की नेतो."

"वा!" थाप.

पिल्लू खोक्यातून उडी मारून थेट त्यांच्या पायाशी आलं आणि तिथे शू केली.

"बघ," काका मुलाला म्हणाले. "तुझ्यापेक्षा लवकर ओळखलं यानं मला."

नातीनं फोनवरून नाव ठेवलं, कुकी. काकांनी ते एकदाही उच्चारलं नाही.

पुढचे काही महिने आमच्या जिन्याला काय बहार आली म्हणून सांगू! मी रोज काही ना काही निमित्त काढून समोर जायची. वाटी परत करायला जायची आणि वाटी घरी विसरून जायची, म्हणजे पुन्हा जाता यायचं. त्या पिल्लानं एक चप्पल, दोन उशा आणि माझ्या ओढणीचं टोक खाल्लं. त्याला दात येत होते. काका ओल्या फडक्यात बर्फ गुंडाळून त्याच्या तोंडात द्यायचे आणि स्वतः समोर फरशीवर बसायचे. फरशीवर! ज्या माणसाच्या तक्रारीनं सोसायटीचे दोन सेक्रेटरी राजीनामा देऊन गेले, तो फरशीवर बसून कुत्र्याच्या हिरड्यांना बर्फ लावतोय!

बाल्कनीच्या दाराशी वर्तमानपत्र पसरलेलं असायचं. पिल्लू गोल-गोल फिरायला लागलं, की काका त्याला अलगद उचलून कागदावर ठेवायचे आणि पाठ फिरवून उभे राहायचे. "बघितलं की त्याला होत नाही," मला दटावायचे. "तू पण फिर तिकडे." मीही फिरायची. आम्ही दोघं भिंतीकडे तोंड करून, मागे थेंबांचा आवाज. उन्हाळ्यात फिरायला नेण्याआधी खाली वाकून स्वतःचा तळवा डांबरावर टेकवून बघायचे. हाताला सोसलं तर कुत्रं खाली, नाहीतर दोघंही घरात. मारलं कधीच नाही. चावलं तर फक्त हात काढून घ्यायचे आणि तोंड फिरवायचे. अबोला. पिल्लू बिचारं कासावीस होऊन समोर जाऊन उभं राहायचं, हे पुन्हा तोंड फिरवायचे. कारखान्यातल्या शिकाऊ पोरांनाही म्हणे असंच शिकवलं होतं.

आणि बसायला शिकवताना मी तो ऐतिहासिक क्षण पाहिला. पिल्लू कंटाळून बुड टेकून बसलं. काकांनी इडलीचा तुकडा पुढे केला आणि म्हणाले,

"वा!"

कडुलिंब नाही! थेंबभरही नाही! आवाजात चक्क गूळ. मी वाटी हातात धरून बघतच राहिले.

मला वाटलं, म्हातारा विरघळला. पण मी आहे नजरेची पक्की. हळूहळू लक्षात आलं, की ते शाबासकी फक्त बसण्याला देतात. कागदावर शू केली तर डोक्यावर हात. चप्पल सोडली तर हात. ‘वा’ मात्र बसलं की, आणि बसून राहिलं की. बसलं, "वा!" अजून बसलंय, "वा!" पिल्लाच्या डोक्यात पक्कं झालं, वा म्हणजे बैस. वा-वा म्हणजे बैस आणि हलू नकोस.

आता विचार करा, हे कुत्रं चेन्नईत आहे. केर काढायला येणारी अक्का त्याला प्रेमानं बोलावते, "वा, चेल्लम, वा वा!" कुत्रं जमिनीला चिकटतं. ती आणखी गोड होते, "वा वा वा!" कुत्रं आडवं. शेवटी ती त्याच्याभोवतीचा केर काढून निघून जायची आणि बसल्या जागी कुत्र्याच्या आकाराचा धुळीचा ठिपका राहायचा.

"काका," मी डोळे बारीक करून म्हटलं, "हे तुम्ही मुद्दाम केलंत."

"मी? मी आपल्या भाषेत शाबासकी देतो, बँक. आता सगळं शहरच त्याला शाबासकी द्यायला लागलं, तर मी काय करू?"

पण मग ते त्याला बोलवायचे कसे? हे कोडं काही सुटेना. माझ्यासमोर बोलवायचेच नाहीत. माझ्या कानाचा आणि त्यांच्या दाराचा स्नेह जुना आहे, तर एका संध्याकाळी त्या दारातून हलक्या, मऊ आवाजात शब्द ऐकू आला.

"अहो..."

मी थिजले. घरात कोणी बाई आलीय? पण आवाज तर काकांचा!

"अहो... या की."

आणि फरशीवर नखांची टकटक.

मी विश्वास ठेवला नसता. पण पुढच्याच महिन्यात सांगलीहून माझे सासू-सासरे आले. सासूबाईंनी सकाळी आमच्या उघड्या दारातून गॅलरीतल्या सासऱ्यांना हाक दिली, "अहो, पाणी तापलंय, आंघोळीला चला!" समोरच्या घरातून पांढरी वीज सुटली, आमची बैठक ओलांडली, टीपॉयवरचा चहा उडाला, आणि कुत्रं न्हाणीघराच्या दारात येऊन हजर! सासरे मागे टॉवेल घेऊन. सासूबाई भिंतीला टेकलेल्या. "अगं बाई," म्हणाल्या, "हे पहिल्यांदा कोणीतरी एका हाकेत आलं!"

मी पट्टा धरून त्याला परत नेलं. काका दारातच उभे होते. चोरी पकडल्यासारखे.

"काका, कुत्र्याला अहो?"

"तुझी काही हरकत आहे?"

"हरकत नाही, पण..."

"हा शब्द या घरात दिवसभर चालू असायचा. पंख्याच्या आवाजासारखा. पंखा बंद पडला की कसं होतं, माहीत आहे ना?" ते कुत्र्याचा पट्टा उगाच सारखा करत राहिले. "आता मीच म्हणतो. निदान येणारं कोणीतरी आहे." मग त्यांचा नेहमीचा आवाज परत आला. "मी कधी पहिल्या हाकेत उठलो नाही, बँक. पेपर वाचून होईपर्यंत तिला ओरडायला लावलं. हा गाढव लगेच येतो."

मी खाली बसून कुत्र्याचे कान खाजवत राहिले.

"आणि ओरगडमला सांगायचं नाही. त्यांना पाहिजे असेल तर मला विचारतील. विचारायला फोन करावा लागेल." जरा थांबून म्हणाले, "आणि नात असेल सोबत, तर विचारावंही लागणार नाही. लहानपणी आजीचं ऐकून ती मलाच अहो म्हणायची. एवढीशी होती. ‘अहो, बिस्कीट द्या.’ तिला आठवेल."

म्हणजे बघा, सगळी योजना एवढ्यावर उभी होती. नातीला तो एक शब्द आठवला, तर कुत्रं तिचं. आनंदानं तिचं. नाही आठवला, तर कुत्रं यांचं.

न्यायला आले ते तिघंही आले. नवा पट्टा, नवं भांडं, नात नव्या बुटांत. मी अर्थातच वाटी परत करायला तिथे.

"वा डा, कुकी! वा!" मुलगा म्हणाला.

कुत्रं बसलं.

"वा, वा, वा!" सून म्हणाली. कुत्र्यानं हनुवटी फरशीला लावली.

"ताता, ही इज नॉट लिसनिंग!"

"ऐकतोय की. नीट ऐकतोय म्हणून तर बसलाय." काका नातीसमोर वाकले. "तू बोलव त्याला. आजी कशी हाक मारायची? मला? आठवतं?"

पोरगी विचारात पडली. खरंच पडली, मी पाहत होते. कपाळाला आठ्या घालून तिनं आजोबांकडे पाहिलं, मग त्या वेताच्या खुर्चीकडे पाहिलं. काका तसेच वाकलेले.

"ताता?" ती म्हणाली.

काका सरळ उभे राहिले. "अजून कच्चा आहे," मुलाला म्हणाले. "हळू शिकतोय. तुझ्यावर गेलाय."

त्या दिवशी ते रिकाम्या हातानं गेले. नंतर मुलगा एकटा दोनदा येऊन गेला. वा-वा करून घसा बसला, उचलायला गेला तर ते धूड कवेत मावेना. काका खिडकीतून गाडी वळेपर्यंत बघायचे आणि मग मांडीवर थाप. मी म्हटलं, जिंकला म्हातारा!

आणि मग हा जिंकलेला माणूस आमच्याच जिन्यात पाय घसरून पडला. नुकताच धुतलेला जिना, सकाळची वेळ. खुब्याचं हाड मोडलं. मी आणि अक्कानं आधार देऊन बसवलं, मुलाला फोन केला. वेदनेनं चेहरा पांढरा पडलेला, तरी जिना धुणाऱ्या बाईकडे बघून पुटपुटलेच, "वा!" ती बिचारी आणखी जवळ आली.

काका हॉस्पिटलात असेपर्यंत कुत्रं माझ्याकडे होतं. ते वॉकर घेऊन घरी आले, तोवर सगळं ठरून गेलेलं. कोइंबतूरला ज्येष्ठ नागरिकांसाठी छान वसाहत आहे, डॉक्टर आहे, जेवण आहे, मराठी नाही पण गुजराती आहेत. कुत्री चालत नाहीत. हा फ्लॅट भाड्यानं द्यायचा.

"आमच्याकडे दिवसभर कोणी नसतं, अप्पा. तुम्ही एकटे पडला तर?" मुलगा वाईट नव्हता हो. डोळे लाल होते त्याचे. नुसता वाईट असता तर सोपं झालं असतं.

"आणि हा?" काकांनी कुत्र्याकडे बोट केलं.

"त्याला आम्ही नेतो ना."

"बरोबर आहे," काका म्हणाले. "तो ट्रेन झालाय. माझं अजून शिकायचं राहिलंय."

कुत्र्याला न्यायचा दिवस. खाली गाडीचं मागचं दार उघडं. कुत्रं फाटकाच्या आत बसलेलं. मुलानं वा म्हणून पाहिलं, ओढून पाहिलं, पट्टा गळ्यात रुतायला लागला. वॉचमन आला, तोही म्हणाला, "वा, वा!" रस्त्यावरचा इस्त्रीवाला म्हणाला, "वा!" अख्खं नुंगंबाक्कम त्या कुत्र्याला शाबासकी देत होतं आणि ते मन लावून बसलं होतं. एवढं शहाणं कुत्रं मी पाहिलं नाही. कोणी हसेना, मीसुद्धा नाही.

मग वर दार वाजलं. मुलगा धावला, त्यानं आणि अक्कानं धरून एकेक पायरी उतरवत काकांना खाली आणलं. ते वॉकर टेकत फाटकाशी आले. पट्टा मुलाच्या हातातून काढून घेतला. अवघडून, दुखऱ्या बाजूला तोल सावरत, कुत्र्याच्या कानाशी वाकले आणि काहीतरी म्हणाले. मुलाला ते ऐकू गेलं नाही. मला ऐकू यायची गरज नव्हती.

कुत्रं उठलं. त्यांच्या वॉकरच्या चालीनं, थांबत थांबत गाडीपर्यंत गेलं आणि आत चढलं. चढलं आणि लगेच मागे वळलं, कारण हे बाहेरच राहिले होते. पुढचे दोन पाय दाराच्या कडेवर आले.

"वा!" काका म्हणाले.

मांडीवर थाप मारता येत नव्हती. त्यांनी ती गाडीच्या टपावर मारली. एकच.

कुत्रं बसलं. दार लागलं. गाडी वळेपर्यंत काचेतून ते पांढरं डोकं दिसत होतं. ताठ.

काका कोइंबतूरला गेले त्यानंतर. जाताना मला म्हणाले, "बँक, शब्द सांगितलास तर याद राख. विचारू दे त्यांना."

परवा मुलगा भाडेकरूला किल्ल्या द्यायला आला. सोबत नात आणि कुत्रंही. मी दारातच होते, मी नेहमी दारातच असते. कुत्रं त्या रिकाम्या फ्लॅटमध्ये जाऊन बाल्कनीत उभं होतं. खुर्ची गेली होती.

"कुकी, वा!" नात म्हणाली.

कुत्रं वळलं आणि तिच्याकडे चालत आलं.

"ट्रेनर ठेवला आँटी," मुलगा खुशीत म्हणाला. "महिन्यात ओके झालं सगळं."

ते जिना उतरायला लागले. माझ्यानं राहवलं नाही. मी अगदी हळू म्हटलं, "अहो..."

कुत्रं पायरीवर थांबलं. मान नाही वळवली, एक कान तेवढा मागे झाला. नातीनं वर पाहिलं. "व्हॉट इज दॅट, आँटी? मीनिंग काय?"

"ताताला विचार," मी म्हटलं. "फोन करून विचार."

"ओके," ती म्हणाली. "वा, कुकी." आणि ती दोघं उतरून गेली.

रविवारी मी कोइंबतूरला फोन लावते. या रविवारीही लावला.

"काय बँक, चालू आहे का?"

चालू आहे म्हटलं. जेवणाला नावं ठेवून झाली, गुजरात्यांना नावं ठेवून झाली.

"अजून कोणाचा फोन नाही आला," काका म्हणाले. "तो शब्द विचारायला. म्हणजे अडलं असणार त्यांचं. तो काही येत नसणार त्यांच्याकडे. काय?"

"नाही काका," मी म्हटलं. "बसलेलाच आहे. जागचा हलत नाही."

"वा!" काका म्हणाले. थाप काही ऐकू आली नाही. फोन ठेवल्याचा आवाज आला.

मी मात्र फोन कानाला तसाच धरून, होते तिथेच बसून राहिले.